चार मिनिटं दहा सेकंद

साहित्य

धुतलेल्या काचपट्ट्या. छोट्या बाटलीत फिकट पिवळं द्रावण. बारीक पिपेट. वर कॅमेरा बसवलेला सूक्ष्मदर्शक आणि त्याला जोडलेला पडदा. आर्द्रता दाखवणारं यंत्र. एक खोली, तिला खिडकी नाही. हवा हलू नये म्हणून मुद्दाम तशी निवडलेली. एक स्टूल. एक बहीण.

बहीण शेवटी लिहिली, कारण सुरुवातीला ती साहित्यात नव्हतीच. ती बाहेर सिंकपाशी होती. नऊ वर्षं ताई आमच्या प्रयोगशाळेत काचा धुते. आधी साबण, मग पाणी, मग ॲसिटोन, मग गरम हवेचा झोत. शिवाय माझ्या कच्च्या वहीतल्या नोंदी ती काळ्या रजिस्टरमध्ये उतरवते, कारण तिचं अक्षर छापल्यासारखं आहे आणि माझं मलाच लागत नाही. नोकरी तिची आधीची. मी तिच्यामागून आलो आणि आता सातव्या वर्षाचा विद्यार्थी आहे, वय तेहतीस. मी तिला ताई म्हणतो म्हणून सगळेच म्हणतात. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमसुद्धा, ज्या तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या आहेत.

कृती

काचेवर मोहरीएवढा थेंब ठेवावा. सुकू द्यावा. चार मिनिटं दहा सेकंद लागतात.

थेंब सुकताना आतलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना द्रावणातले रेणू ओढून नेतं. टेबलावर सांडलेला चहा वाळला की डागाची कड गडद दिसते, ती याचमुळे. आम्हाला ती कड नको होती. रेणूंनी घाई न करता मधेच थांबावं, एकमेकांना धरावं आणि सरळ, एका दिशेने जाणारे तंतू तयार करावेत, एवढंच आम्हाला हवं होतं. त्या एवढ्यासाठी मी सहा वर्षं थेंब ठेवले. अकरा हजारांवर. सगळ्यांचं कडं झालं. हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरला जायचा. "काय झालं?" "कडं." "जेवलास का?" "कडं."

मग एके सकाळी माझा हात थरथरत होता.

"ऊठ तिथून," ताई म्हणाली. "हात बघ तुझा."

"तू काचा धू."

"धुऊन झाल्या. नऊ वर्षं बघतेय. थेंबच ठेवायचाय ना? की त्यालाही पदवी लागते?"

मी उठलो. तिने थेंब ठेवला आणि त्याच्यावर वाकून बसली. हल्ली तिला जवळचं धूसर दिसायचं, म्हणून नाक काचेला लागेल इतकी वाकली. दूध उतू जाईल या भीतीने कुणी गॅसपाशी उभं राहावं, तशी ती थेंब सुकेपर्यंत हलली नाही.

पडद्यावर तंतू होते. कंगव्याने विंचरल्यासारखे.

निरीक्षण

ताई: तंतू.
मी: कडं.
लांब्या: कडं.
मॅडम: कडं.
ताई, त्याच बाटलीतून, त्याच काचेवर: तंतू.
ताई, मॅडमनी मनगट धरून ठेवलेलं असताना: तंतू.
मी, ताईच्या स्टुलावर, ताईचा कोट घालून: कडं.

लांब्या माझ्या मागून आलेला विद्यार्थी. दारातून आत येताना वाकतो, एरवी कुणापुढे नाही.

"ताई, थेंबाच्या कानात काय सांगता हो?"

"सांगते, शहाण्यासारखा वाग, नाहीतर लांब्याच्या हातात देईन."

"असं बघा, मला बहीण नाही. तुम्ही माझी पदवी पण करून टाका."

"आधी याची होऊ दे. याला सात वर्षं लागली, तुला उंचीच्या मानाने चौदा लागतील."

मॅडम म्हणाल्या, "हात आहे ताईंचा. कारण मागाहून शोधू. आधी चौदा तारीख."

चौदाला निधी मंजूर करणारे तीन पाहुणे येणार होते. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तंतू होताना बघितले, तर प्रयोगशाळा राहणार होती, मला पदवी मिळणार होती आणि पदवीमागोमाग इथलीच जागा. नाही बघितले, तर महिनाअखेर माझी मुदत संपत होती. आठवं वर्ष आमच्याकडे कुणालाच मिळत नाही.

त्या दिवशी दोन तारीख होती.

खबरदारी

पाहुण्यांसमोर तोंडाला मास्क असावा.

ही मॅडमची सूचना. नीटनेटकं दिसतं म्हणून. तीन तारखेला सकाळी ताईने मास्क लावून सरावाला सुरुवात केली. पहिला थेंब: कडं. दुसरा: कडं. नऊ थेंब ठेवले, नऊ कडी झाली. ताईने पिपेट खाली ठेवलं आणि तळहात कोटाला पुसले.

"गेला का रे हात माझा?"

"मास्क काढ."

"मास्कचं काय त्यात?"

"काढ तर."

दहावा थेंब, मास्कशिवाय: तंतू. परत मास्क: कडं. परत काढला: तंतू.

म्हणजे हात नव्हताच. तिच्या तोंडातून काहीतरी बाहेर पडत होतं, थेंबाच्या पाठीवर बसत होतं आणि पाण्याला कडेकडे धावू देत नव्हतं. मी म्हणालो, "अजून एक ठेव," आणि तिच्या गालाला गाल लावून वाकलो. लहानपणी एका पुस्तकात दोघं वाचायचो तसा.

वास आला.

मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा आईच्या तोंडाला असा वास यायला लागला होता. जास्त पिकून काळ्या पडलेल्या फळांचा. घरात तो सगळ्यात आधी मला आला. मी ताईला सांगितलं. ती तेव्हा एकोणीसची. तिने माझ्या पाठीत धपाटा घातला. म्हणाली, आईबद्दल असं बोलतात का? नवव्या दिवशी आई उठली नाही. मग डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, साखर किती चढली होती ते सांगितलं, आणि रक्तात साखर असूनही शरीर उपाशी राहिलं की श्वासाला असाच वास येतो, हेही सांगितलं. घरी आल्यावर ताई मला म्हणाली, "तुला आधी कळलं होतं. मी ऐकायला हवं होतं." तेव्हापासून आमच्या घरात दूध नासलंय का, गॅस गळतोय का, हे मी ठरवतो. ती स्वयंपाकघरातून हाक मारते, "छोट्या, नाक आण इकडे."

मी सरळ झालो.

"काय?" ताईने विचारलं.

"काही नाही. छान आलेत."

कृती, पुन्हा

मॅडमच्या केबिनमध्ये जावे. दार लोटून घ्यावे.

"हात नाहीये, मॅडम. श्वास आहे."

मॅडम तीस वर्षं रसायनशास्त्रात आहेत. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्या उठल्या, थेंबाच्या खोलीत गेल्या, ताईच्या मागे दोन मिनिटं उभ्या राहिल्या. "छान चाललंय, ताई," असं म्हणाल्या. परत आल्या आणि दाराची कडी लावली.

"तुला माहितीये हे काय आहे?"

"नाही," मी म्हणालो.

"मलाही नाही."

त्यांनी टेबलावरचा कागद उचलला आणि तोच पुन्हा तिथेच ठेवला.

"चौदापर्यंत काही म्हणजे काही बदलायचं नाही. खोली तीच, स्टूल तेच, ताई त्याच. खाणंपिणंही जे चाललंय तेच. इथलं मी बघते. घरचं तू."

"हो."

"मास्क नको."

कृती, घरी

आमच्या दोन खोल्या आहेत. नळ बाहेरच्या खोलीत. ताई पाण्याचा जग भरायची, टेबलाशी बसून रिकामा करायची, उठून परत भरायची. कपडे तिला सैल व्हायला लागले होते. कमरेला तिने दोन्ही बाजूंनी पिना लावल्या होत्या.

"बारीक झाले बघ. फुकटात."

"छान दिसतेस."

"तू कधी बघितलंस?" ती हसली. मग पोटऱ्या चोळत म्हणाली, "पायात गोळे येतात रे. डोळ्यांचंही काहीतरी झालंय. शनिवारी डॉक्टरांना दाखवून येते."

"चौदा झाल्यावर जाऊ. मी येतो बरोबर."

"तू येणार?"

"येतो म्हटलं ना."

मी आजवर तिच्यासाठी कधी दवाखान्यात गेलेलो नव्हतो. तिने पोटऱ्या चोळायच्या सोडल्या. "मग थांबते," म्हणाली.

सहा तारखेला संध्याकाळी घरी येताना तिने मला दुकानात थांबवलं. पाण्याने तहान भागत नाही, काहीतरी गार आंबटगोड हवंय. मी फळांच्या रसाचा खोका घेतला. तिने तो रस्त्यातच संपवला, नळी चुरचुर वाजेपर्यंत.

सात तारखेचे तंतू मी तीनदा मोजले, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

तहानलेल्यास रस पाजावा. मोठा खोका, दोन. मग तीन.

"काय रे, एवढे लाड?" ताईने विचारलं. "गेल्या वाढदिवसाला मला पेन दिलं होतंस. तेही प्रयोगशाळेतलं."

"तू माझी पदवी आहेस."

"पदवीला प्यायला देतात होय," ती म्हणाली, आणि पेला पुढे केला.

नोंदी

तारीख ५. आर्द्रता ४४. तंतूची लांबी १२० मायक्रॉन.
तारीख ६. आर्द्रता ४५. लांबी ११८.
तारीख ७. आर्द्रता ४४. लांबी १९०. खूण.
तारीख ८. आर्द्रता ४४. लांबी २०५. खूण.
तारीख ९. आर्द्रता ४५. लांबी १६०. (आदल्या दिवशी दुकान बंद होतं.)
तारीख १०. आर्द्रता ४४. लांबी २२०. खूण.
तारीख ११. आर्द्रता ४४. लांबी २४०. खूण.

कंसातलं वाक्य वहीत नाही. खूण आहे. पेन्सिलने काढलेली, बरोबरची. मी ती का करत होतो, हे मला अजून सांगता येत नाही. सवय असते. जे बदललं ते लिहावं, असं पहिल्या वर्षी शिकवतात.

अकरा तारखेला दुपारी ताई सिंकशेजारच्या टेबलावर काळं रजिस्टर उघडून बसली. नोंदी उतरवताना ती ओळीखाली पट्टी धरते. त्या दिवशी पट्टी सारखी घसरत होती.

"छोट्या, ही खूण कशाची?"

"कुठली?"

"ही. सातला आहे, आठला आहे, नऊला नाही, पुढे परत आहे. वर नावच नाही दिलंस. बिननावाचा रकाना मी कसा उतरवू?"

"सांगतो नंतर."

"मॅडम ओरडतील."

"सांगतो म्हटलं ना, ताई."

"बरं. वरची जागा मोकळी सोडते." तिने खुणा उतरवल्या. माझ्या वहीत त्या वेड्यावाकड्या होत्या, तिच्याकडे सरळ रेषेत आल्या.

प्रात्यक्षिक

चौदा तारखेला सकाळी ताईला बुटांची नाडी बांधता आली नाही. मी बांधली. तिचे श्वास लांब झाले होते, पोटातून ओढून काढल्यासारखे, आणि खोलीभर तो वास होता. मी खिडकी उघडली, मग बंद केली.

प्रयोगशाळेच्या दारात ती भिंतीला धरून उभी राहिली.

"दम लागलाय रे."

"जिना चढलीस म्हणून."

"लिफ्टने आलो आपण," ती म्हणाली.

मॅडम समोरून आल्या. त्यांनी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. "अर्धा तास," म्हणाल्या. "अर्ध्या तासाने त्यांना घरी घेऊन जा, विश्रांती दे. चार दिवस सुटी घेऊ दे." हे त्या मनापासून बोलल्या.

तीन पाहुणे होते. एक बाई, वही घेऊन आलेली. दोन पुरुष, त्यातला एक सारखा मोबाइल बघत होता. आधी लांब्याने थेंब ठेवला, म्हणजे नेहमी काय होतं ते पाहुण्यांना दिसावं. कडं झालं. मोबाइलवाल्याने जांभई दिली. मग ताई स्टुलावर बसली. पिपेट तिने दोन हातांनी धरलं. थेंब काचेच्या बरोबर मध्यावर पडला. मी घड्याळाचं बटण दाबलं.

शून्य मिनिटं. ताई वाकली.

एक मिनिट. पडद्यावर थेंबाची कड स्थिर. धावाधाव नाही. मॅडम सांगायला लागल्या, थेंबाच्या पृष्ठभागावरचा ताण कसा बदलतो, आतला प्रवाह कसा मंदावतो, रेणूंना एकमेकांशेजारी उभं राहायला कसा वेळ मिळतो.

एक मिनिट पन्नास सेकंद. ताईचं डोकं हळूहळू खाली आलं आणि गाल टेबलाला टेकला. तोंड उघडं, काचेपासून चार बोटांवर. डोळे अर्धे मिटलेले. श्वास चालूच, लांब, एकसारखे.

पडद्यावर पहिला तंतू निघाला.

"या बऱ्या आहेत ना?" पाहुण्या बाईंनी विचारलं.

"त्या जवळून बघतात," मॅडम म्हणाल्या. "त्यांची पद्धत आहे."

दोन मिनिटं वीस. ताई स्टुलावरून डावीकडे सरकायला लागली. मी तिच्या मागे गेलो आणि पाठीवर हात ठेवला. पाहुण्यांना ते कौतुकासारखं दिसलं असणार. मी कोटाची मूठ आवळून तिला धरून ठेवलं होतं. ती हलकी होती. मला एकच हात लागला.

तीन मिनिटं. तंतूंच्या ओळी पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मोबाइलवाल्याने मोबाइल खिशात ठेवला. लांब्या पडद्याकडे बघत नव्हता. तो ताईच्या हाताकडे बघत होता, जो टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होता. "अरे," तो म्हणाला. मी मान हलवली. तो गप्प बसला.

तीन मिनिटं चाळीस. तिच्या कोटातून घामाची ओल माझ्या बोटांना लागली. मी अंक मोजत होतो.

चार मिनिटं. चार मिनिटं पाच.

चार मिनिटं दहा सेकंद. थेंब सुकला. दोनशे नव्वद. इतके लांब, इतके सरळ तंतू आम्ही कधी बघितले नव्हते. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी हात काढला. ताई पडली.

प्रश्नोत्तरं

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होती. तिने उभ्या उभ्या विचारलं, मी उभ्या उभ्या सांगितलं.

"तहान किती दिवसांपासून?"

"लक्षात नाही आलं."

"वजन उतरलेलं? नजर अंधूक?"

"ती बोलत नाही काही."

"घरात कुणाला होता हा आजार?"

"आईला."

डॉक्टरचं पेन थांबलं. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"मी लहान होतो."

"वास नाही आला तुम्हाला? मला दारातच आला."

"सर्दी होती."

"शुद्ध हरपल्यावर किती वेळाने आणलंत?"

"लगेच," मी म्हणालो. दोन मिनिटं वीस सेकंद, असं ते लिहिता आलं असतं.

ताई तीन दिवस शुद्धीवर नव्हती. चौथ्या दिवशी तिने पाणी मागितलं आणि एका पेल्यावर थांबली. एवढ्यावर तिची तहान भागली, हे बघून मला पहिल्यांदा जाणवलं ते हे, की आता तंतू येणार नाहीत.

कृती, चौथी

एकवीस तारखेला मॅडमनी लांब्याला सिंकवरची ॲसिटोनची बाटली आणायला सांगितली. बाटली थेंबाच्या टेबलापासून बारा पावलांवर असते. लांब्याची सात. मॅडमनी पाण्यात थोडं ॲसिटोन घातलं, कापसाचा बोळा भिजवला आणि थेंबाच्या शेजारी ठेवला, ताईचं तोंड जिथे असायचं तिथे.

तंतू आले. तीनशे दहा. दुसऱ्यांदा तीनशे बारा. तिसऱ्यांदा तीनशे दहा. बोळा दमत नव्हता, त्याला रस लागत नव्हता.

"एवढंच होतं होय?" लांब्या म्हणाला.

"एवढंच," मॅडम म्हणाल्या.

तो बोळ्याकडे बघत राहिला. मग त्याने बाटलीवरचं नाव वाचलं, झाकण उघडून वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळायला जितका वेळ लागला, तितका वेळ मी दुसरीकडे बघितलं. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

बाटली मला तीन तारखेलाच सुचली होती. ताईच्या गालापासून गाल बाजूला केला तेव्हाच. तिच्या श्वासात जे होतं तेच त्या बाटलीत होतं. आईच्या वेळी डॉक्टरांनी मला ते नाव सांगितलं होतं आणि मी ते रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्गात पुन्हा ऐकलं होतं. पण बाटली आणली असती, तर वहीत तारीख पडली असती. हीच बाटली का सुचली, असं कुणीतरी विचारलं असतं. त्याला एकच उत्तर होतं, आणि ते देणाऱ्याला त्याच दिवशी बहिणीला दवाखान्यात न्यावं लागलं असतं. मग बाटलीने काम केलं नसतं तर? ताई बरी झालेली, आणि हातात कडं.

बारा पावलं होती. मी मोजली आहेत.

ताई पुढच्या महिन्यात कामावर आली. मॅडमनी तिला पुष्पगुच्छ दिला आणि सिंकपाशी खुर्ची दिली, पायांना त्रास नको म्हणून. दुपारी मॅडम जेवायला गेल्यावर ती थेंबाच्या खोलीत गेली, बोळा बाजूला सारून तिने स्वतः थेंब ठेवला आणि सुकेपर्यंत त्याच्यावर वाकून बसली. ती बाहेर आल्यावर मी पडदा बघितला: कडं. ती काचा धुवायला लागली. ॲसिटोनची बाटली उघडताना तिचा हात थांबला. तिने बाटली नाकाजवळ नेली. बराच वेळ धरली.

"आज छान वाटतंय का, ताई?" मॅडमनी जेवून येताना विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "नाक उघडलंय माझं."

अनुमान

प्रबंधाबरोबर रजिस्टर द्यावं लागतं, प्रत्येक पानावर विद्यार्थ्याची सही हवी. ताईने ते घरी आणलं. संध्याकाळी सहाचा सुमार. टेबलावर काळं रजिस्टर, पट्टी, पेन, तिची इंजेक्शनची डबी. फ्रिजमध्ये रसाचे दोन खोके उरले होते. डॉक्टरनेच ठेवायला सांगितलं होतं, साखर एकदम उतरली तर पाजायला.

"वास तुला कधी आला?" ताईने विचारलं. मान वर न करता, पानं उलटत.

"कसला?"

"छोट्या."

"नाही आला."

"आईच्या वेळी तुला आधी आला होता."

"सर्दी होती मला."

"बरं." तिला हवं ते पान सापडलं. पट्टी ओळीखाली धरली. "हा रकाना राहिलाय. तू सांगतो म्हणालास, मग मीच पडले आजारी. सात, आठ, दहा, अकरा. नऊला नाही." तिने बोट एकेका खुणेवरून नेलं. "आठला संध्याकाळी दुकान बंद होतं, आठवतं? हात हलवत आलास."

मी पेन तिच्याकडे सरकवलं.

"वर काय लिहू?"

ती थांबली. पेनचं टोक मोकळ्या जागेवर धरून, माझ्याकडे बघत. रागाने नाही. लहानपणी मी काही फोडलं की ती अशीच बघायची, आणि मी खरं सांगितलं की आईला स्वतःचं नाव सांगायची.

"खिडकी उघडी, असं लिही," मी म्हणालो.

"त्या खोलीला खिडकी नाही."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ताईने पट्टी सरळ केली.

"लिहू?"

"लिही."

तिने लिहिलं. खि, मग डकी, मग उघडी. अक्षर छापल्यासारखं. शाई वाळेपर्यंत थांबली आणि रजिस्टर माझ्याकडे वळवलं.

"सही."

मी सह्या केल्या. त्या पानावर, मग पुढच्या, मग सगळ्यांवर. शेवटची झाल्यावर तिने रजिस्टर मिटलं, डबी उघडली, सिरिंज भरली, उलटी धरून टिचकी मारली. सुईच्या टोकाला थेंब आला आणि रजिस्टरच्या काळ्या कव्हरवर पडला. मोहरीएवढा.

पुसायला कुणीच हात पुढे केला नाही. ताई त्याच्यावर वाकली, नाक लागेल इतकी. सवय असते. मीही वाकलो. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता आणि त्याला कसलाच वास नव्हता. त्या थेंबाला जास्त वेळ लागला. आम्ही शेवटपर्यंत बसलो. मध्यभाग आधी रिकामा झाला, मग कड पांढरी होत गेली.

"कडं," ताई म्हणाली, आणि सुई टोचून घेतली.